समेटाच्या शाली

आमच्या समितीचं काम रविवारी सकाळी चालायचं. बाकीच्या दिवशी निम्मे सभासद नोकरीत अडकलेले असत आणि उरलेले निम्मे निवृत्त होऊन रक्तदाब सांभाळत असत. समितीचं नाव भलंमोठं होतं, शांतता आणि सलोखा हे दोन्ही शब्द त्यात होते. माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. सीताबर्डीवरच्या एका कापड दुकानाच्या माडीवर आम्ही जमायचो. सत्तरचं दशक तेव्हा उताराला लागलं होतं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आठवडाभर लोकांची भांडणं तारेनं जोडून द्यायची आणि रविवारी ती मिटवायला जायचं, असं माझी आई म्हणायची. समितीत मी हौसेनं गेले नव्हते. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी मला शाळेत शिकवलं होतं. त्यांनी ये म्हटल्यावर नाही म्हणायची माझी छाती नव्हती. सगळे त्यांना गुरुजी म्हणत.

शहरात कुठे दोन गटांची जुंपली की आम्ही जायचो. जायचो म्हणजे आधी दोन्हीकडचे म्होरके शोधायचो, त्यांना एका मांडवाखाली आणायचो, खुर्च्या मागवायचो. चहा आणि बिस्किटं व्हायची. गुरुजींचं भाषण व्हायचं, ते लांबायचं. मग दोघे म्होरके एकमेकांना मिठी मारायचे, फोटो निघायचा आणि शेवटी समितीतर्फे दोघांनाही शाल आणि श्रीफळ. आपल्याकडे कोणताही कार्यक्रम शाल-श्रीफळाशिवाय संपत नाही. माणूस निवृत्त झाला, निवडून आला, पडला, परगावी चालला, आपण त्याच्या खांद्यावर शाल टाकून मोकळे होतो. भांडण मिटवणाऱ्याच्या खांद्यावर ती टाकण्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. शाली खालच्याच दुकानातून यायच्या, एकाच गठ्ठ्यातल्या, मातकट रंगाच्या आणि किरमिजी काठाच्या.

त्या काळात आमची सर्वांत जास्त ये-जा शहराबाहेरच्या वाडी गावाला होती. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टची गोदामं ओळीनं उभी राहत होती. दिवसभर ट्रक यायचे, जायचे. एका मोठ्या गोदामात हमालांच्या दोन टोळ्या माल उतरवायच्या. एक टोळी नाल्यापलीकडच्या आमच्या लोकांची, म्हणजे बौद्ध वस्तीतली. दुसरी आजूबाजूच्या गावांतून आलेल्या शेतकरी घरांतल्या माणसांची. दोन्हींचा एकेक मुकादम. ट्रक कुणी उतरवायचा यावरून त्यांचं वाजायचं. गोदामाचा मुन्शी फाटकाशी जी टोळी आधी हजर असेल तिला ट्रक देत असे, म्हणून दोन्ही टोळ्या दिवसेंदिवस आणखी लवकर येऊन फाटकाशी बसायला लागल्या होत्या. ट्रकचा काही भरवसा नसायचा. मग झोप अर्धवट झालेली, पोट रिकामं असलेली ती माणसं एकमेकांकडे पाहत तासन् तास बसून राहायची. पुढचं सांगायला नको.

गोदामाच्या भिंतीला लागून मावशीची खानावळ होती. मावशी आमच्या वस्तीतली. नवरा पूर्वी हमालच. पाठीवरचं पोतं सरकून त्याचं कंबरडं मोडलं, तेव्हापासून तो दाराशी बसून कांदे चिरायचा. खानावळ म्हणजे टिनाचं छप्पर, दोन लांब बाकडी, जर्मनची ताटं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, एखादी भाजी आणि जिभेला चटका देणारा रस्सा. एवढंच मिळायचं, आणि तेवढ्यासाठी दोन्ही टोळ्या तिच्याकडे यायच्या.

हे वाक्य मी सहज लिहिलं, पण ते सहज नव्हतं. मी लहान असताना, आमच्या घरानं दीक्षा घेण्याच्या आधी, आईच्या माहेरी जाताना मोटार एका ठिकाणी थांबायची. तिथल्या चहावाल्यानं मागच्या भिंतीला खुंट्यांवर आमच्यासाठी वेगळे कप टांगले होते. पाणी प्यायचं तर ओंजळ करायची, तो वरून धार सोडायचा. माझ्या फ्रॉकच्या बाह्या दरवेळी भिजायच्या. त्यामुळे मावशीच्या खानावळीत मी पहिल्यांदा गेले आणि शेतकरी घरातली माणसं तिच्या हातची भाकर मोडून रश्श्यात कुस्करताना पाहिली, तेव्हा मी हातातला घास तसाच धरून पाहत राहिले. कुणी भाषण केलं नव्हतं, कुणी चळवळ केली नव्हती. जवळ दुसरं काही नव्हतं आणि भूक लागली होती, म्हणून हे झालं होतं. मला तर ते जगातलं आठवं आश्चर्य वाटलं.

मावशीचा आवाज ट्रकच्या इंजिनावर मात करणारा. तिचा एक नेम होता, हात धुतल्याशिवाय ताट मिळायचं नाही. दारात पाण्याचा पिंप, त्यावर डबा आणि बाजूला साबणाची वडी. मिरचीची पोती उतरवून आलेला हमाल तसाच जेवायला बसला तर डोळे चोळून रडत बसेल, असं ती म्हणायची. कुणी विसरला की तिथूनच गरजायची, "हात धुऊन ये गा आधी!" मग तो आमच्यातला असो की त्यांच्यातला, मुकादम असो की ट्रकचा ड्रायव्हर. शेतकरी टोळीचा मुकादम, मिशीवाला, अंगानं आडवा माणूस, तोही मुकाट्यानं उठून पिंपाशी जायचा. तो परत येऊन बसला की म्हणायचा, "वाढ वं मावशी." हा रोजचा प्रकार होता.

दोनदा भांडण झालं आणि दोनदा आम्ही समेट घडवला. मग तिसरं झालं. यावेळी पोती ओढायचा लोखंडी हूक चालला, एकाच्या डोक्याला टाके पडले, पोलीस आले. आम्ही गेलो, मांडव घातला, भाषण झालं, मिठी झाली, शाली पडल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून शेतकरी टोळी मावशीकडे जेवायला येईना. त्यांच्या मुकादमानं फर्मान काढलं होतं की आपापल्या घरून भाकरी आणा आणि फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली खा. आमच्या मुकादमानंही आपल्या लोकांना सांगितलं, गेले ते बरं झालं, जागा मोकळी झाली.

मी पुढच्या वेळी गेले तेव्हा एक बाकडं रिकामं होतं. मावशीनं माझ्यासमोर ताट ठेवलं आणि त्या बाकड्याकडे पाहून म्हणाली, "पंधरा वर्सं लागली मले ते बाकडं भराले, बाई. माह्या हातचं खायाले आधी एक आला, तो बी लपूनछपून. मंग त्याच्या मागं दुसरा. आता सारे एका दमात उठून गेले. तुमी तं समेट केला ना? मंग हे काहून झालं?"

मला राग आला, आणि राग आला की मला एक माणूस लागतो. मी शेतकरी टोळीच्या मुकादमाला धरलं. त्या रविवारी माडीवर मी ताडताड बोलले. तो माणूस जातीयवादी आहे, त्याला हाकलला पाहिजे, मालकाकडे जाऊन सांगू या. एकानं दारूला दोष दिला. एकानं मुन्शीला. गुरुजी म्हणाले, माणसाच्या मनात सद्भावना रुजवायला वेळ लागतो.

आमच्यात एक इंजिनियर काका होते. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. आयुष्य बॉयलरच्या सोबतीत गेल्यामुळे माणूस तापला की हे शांत होत. ते म्हणाले, "कोण वाईट ते जरा बाजूला ठेवू. कशानं काय वाढतं, तेवढं सांगा."

त्यांनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवून पालथं घातलं आणि निळ्या पेन्सिलीनं लिहायला सुरुवात केली. ट्रकची खात्री नाही. तिथून बाण. लवकर येऊन बसणं. बाण. चिडचिड. बाण. भांडण. भांडणातून एक बाण मुकादमाकडे, कारण भांडणात लोक त्याच्या मागे उभे राहतात. तिथून पोलीस, तिथून आम्ही, तिथून समेट. समेटापाशी येऊन पेन्सिल थांबली.

"इथून पुढे कुठे जातो बाण?" त्यांनी विचारलं.

"पुढे कुठे? मिटलं की भांडण," गुरुजी म्हणाले.

"मिटलं असतं तर तीनदा झालं नसतं." काकांनी समेटाभोवती गोल केला. "घरच्या टाकीत तो बॉल असतो ना, पाणी भरलं की वर येतो अन् नळ बंद करतो. समजा तो उलटा बसला. पाणी जितकं जास्त, तितका नळ जास्त उघडा. आपण फरशी पुसत बसू, नळ बदलू, मोलकरणीला बोलू. बॉलकडे कोणी पाहणार नाही. हा बाण परत कुठून तरी भांडणाकडे वळतो. कुठून, ते मला माहीत नाही. आपण आजवर भांडणाच्या आधी काय झालं हे विचारत आलो. आता समेटानंतर काय होतं ते विचारून या."

मला हे सगळं फार थंड वाटलं. मावशीचं बाकडं रिकामं पडलेलं आणि आम्ही कॅलेंडरमागे बाण काढत बसलेलो. मी तसं बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, "तूच जा मग. तुझा राग आहे तोवर तू नीट पाहशील." मी तावातावातच गेले.

आधी शेतकरी मुकादमाच्या गावी. तो घरी नव्हता, येईलच म्हणाली त्याची बायको. तिनं मला बाज टाकली, पेल्यात पाणी दिलं. रिकामा पेला परत देताना मी क्षणभर थांबले. तिनं तो हातात घेतला, विसळला आणि मांडणीवर ठेवला. पेला सगळ्यांचाच विसळतात हे मला कळत होतं, तरी मी पाहत राहिले. अशी सवय लवकर जात नाही.

अंगणात दोरीवर एक वाकळ उन्हात टाकली होती. मी सहज पाहिलं आणि पाहतच राहिले. मातकट रंग, किरमिजी काठ. आमच्या तिन्ही समेटांच्या शाली एकाला एक जोडून तिनं वाकळ शिवली होती. टाके मोठे सुरेख होते.

"याईच्या शाली हायेत," ती कौतुकानं म्हणाली. "अजून एक भेटली तं पुरी लांब होईन. पाय उघडे रायतात."

मला हसू यायला लागलं, पण ते पुरं आलं नाही. मुकादम आला. माझ्याशी बरा बोलला. म्हणाला, "आधी मले गावात कोन विचारे, बाई? दुसऱ्याचं वावर कसनारा मानूस मी. आता सरपंच खुर्ची देते. कोनाचं बांधावरून भांडन झालं का मलेच बोलावते. तुमच्या फोटोनं लई फरक पडला." मी विचारलं, मावशीकडचं जेवण का बंद केलंत. तो म्हणाला, "पोट्टे म्हनतात ना, मुकादम शाल घेऊन येते अन् दुसऱ्या दिवशी त्याईच्याच बाकड्यावर बसते, मंग भांडले कायले? काहीतरी दाखवा लागते." हे सांगताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

तिथून मी नाल्यापलीकडे आमच्या मुकादमाकडे गेले. मनात म्हटलं, हा तरी वेगळा निघेल. त्याच्याकडे शाली ट्रंकेत घडी घालून ठेवल्या होत्या, नव्या कोऱ्या, आणि समेटाचा फोटो काचेत मढवून दाराच्या समोरच्या भिंतीवर. फोटोत दोघे मुकादम शेजारी शेजारी खुर्च्यांवर. त्यानं बोट लावून दाखवलं. "हे पाहा, ताई. माह्या बापाले त्याच्या बापासमोर उभं राहाची परवानगी नोती. इथं आमी बराबरीनं बसलो. वस्तीतले लोक येऊन येऊन पाहून राहिले." मग हळूच म्हणाला, "आता पुढचा कार्यक्रम कधी असन?"

भांडण अजून झालेलं नव्हतं आणि तो कार्यक्रमाची वाट पाहत होता. बाण कुठे वळतो ते मला दिसलं. समेटातून शाल, शालीतून वजन, वजन टिकवायचं तर माणसं मागे उभी करायची, आणि माणसं भांडणाशिवाय मागे उभी राहत नाहीत. वर्तुळ पुरं होत होतं आणि ते आमच्या माडीवरून जात होतं. तरीही त्या फोटोसमोर उभं असताना मला त्याला मूर्ख म्हणता आलं नाही. त्या खुर्चीची किंमत मला ठाऊक होती. बसमधून परतताना मी रडले. कशासाठी, ते मला आजही एका वाक्यात सांगता येणार नाही.

रविवारी मी सगळं सांगितलं. काकांनी समेटातून निघालेला बाण मुकादमाकडे नेऊन सोडला आणि पेन्सिल खाली ठेवली. गुरुजींचा चेहरा उतरला.

"म्हणजे इतकी वर्षं आपण भांडणं लावत आलो?"

"लावत नाही, गुरुजी," काका म्हणाले. "आपण चित्रात आहोत, एवढंच. आपल्याला वाटत होतं आपण चित्र पाहतोय."

त्या दिवशी माडीवर जी वादावादी झाली, तिच्यासाठी एखादी समिती बोलवावी लागली असती. भांडण झालं तर जायचंच नाही का? उद्या मुडदा पडला तर? नुसती शाल बंद केली तर दोघांचाही अपमान, आणि आमच्या मुकादमाच्या खुर्चीचं काय, हा माझा प्रश्न. शेवटी ठरलं ते असं की जायचं, पण भांडण नसताना. दर गुरुवारी कुणीतरी दुपारी मावशीकडे जाऊन जेवायचं, दोन्ही टोळ्यांशी बोलायचं, दोन्ही मुकादमांशी सारखंच, बाकड्यावर बसून. आणि गोदामाच्या मालकाच्या मागे लागायचं की कोणता ट्रक कोणाचा हे मुन्शीनं आदल्या संध्याकाळीच सांगावं. मालकाला ते पटायला वेळ लागला. फाटकाशी ताटकळणारी माणसं त्याच्या सोयीची होती.

पहिल्या गुरुवारी गुरुजी आले. बिचारे धोतर सावरत आमच्या बाकड्यावर बसले. हात धुवायचे राहिले. मी मावशीकडे पाहिलं, आता गरजेल म्हणून. ती काही बोलली नाही. तिनं गुपचूप ताट ठेवलं आणि चुलीकडे वळली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आले तेव्हापासून तिनं कुणालाच हटकलं नव्हतं. आमच्यातलेही काही जण तसेच बसले होते. तिचा नवरा कांदे चिरता चिरता मला म्हणाला, "आता नाई बोलत ती कोनाले. आनखी कोन उठून जाईन, याचं भेव वाटते तिले." एक बाकडं गेलं होतं हे मी पाहिलं होतं, आवाज गेला हे पाहिलं नव्हतं.

चौथं भांडण व्हायचं ते झालंच. ढकलाढकली, शिवीगाळ, एकाचा शर्ट फाटला. आमचा मुकादम स्वतः सीताबर्डीला आला, माडी चढून. इस्त्रीचा सदरा घालून आला होता.

"कधी येता, गुरुजी?"

"गुरुवारी येतोच आहोत जेवायला. तेव्हा बसून बोलू."

"अन् कार्यक्रम?"

"कार्यक्रम नाही," गुरुजी म्हणाले. "आम्ही नेहमीसारखे येऊ."

तो जिना उतरून गेला. ते तीन-चार दिवस मी कधी विसरणार नाही. एक्स्चेंजमध्ये वाडीकडचा कॉल लागला की तो जोडून दिल्यावरही मी लायनीवर रेंगाळायचे. मी काकांच्या घरी जाऊन त्यांना नको ते बोलले. उद्या कोणी मेलं तर तुमच्या बाणाला काय म्हणायचं, असं विचारलं. काकांनी चष्मा काढून पुसला. "मलाही जेवण जात नाही," ते म्हणाले. त्यांच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं आणि असल्याचा आव त्यांनी आणला नाही, म्हणून मी त्यांच्यावर आजही रागावू शकत नाही.

गुरुवारी आम्ही गेलो. दोन्ही मुकादम दोन टोकांना स्वच्छ कपड्यांत बसून होते, खुर्च्या येतील या आशेनं. खुर्च्या आल्या नाहीत. गुरुजी आधी कडुनिंबाखाली एकाशेजारी मांडी घालून बसले, मग येऊन दुसऱ्याशेजारी बाकड्यावर. मी आमच्या मुकादमाशी बोलले. म्हटलं, तुम्हाला खुर्ची हवी, मलाही तुम्ही खुर्चीवर हवे, पण डोकी फोडून मिळणारी खुर्ची कशाला? ट्रकच्या वाटपासाठी मालकाकडे जायचंय, त्याच्या हापिसात, तिथे चला आमच्यासोबत. तो म्हणाला, "तोही येईन का?" मी म्हटलं, दोघंही. ते दोघं मालकासमोर शेजारी शेजारी बसले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या खुर्च्या साध्या लाकडी होत्या आणि फोटो कोणी काढला नाही. उरलेलं भांडण तसंच पडून राहिलं आणि हळूहळू शिळं झालं. ट्रक येतच होते, पोती उतरवायचीच होती.

मालकानं शेवटी मानलं. आदल्या संध्याकाळी ट्रक कळायला लागले. टोळ्या उजाडल्यावर येऊ लागल्या, घरून चहा पिऊन. कुरबुरी थांबल्या असं मी म्हणणार नाही. काकांच्या कॅलेंडरवर आणखी किती बाण होते, त्यातले निम्मे आम्हाला कधी कळले नाहीत. पुढे मी या कामात अनेक वर्षं घालवली, शिबिरांतून छापील आकृत्या पाहिल्या, शिकवल्याही. आकृती समोर आली की मी आधी त्यात आम्हाला शोधते. बहुतेक वेळा आम्ही कागदाच्या बाहेर, पेन्सिल धरून बसलेले असतो.

पण मावशीचं बाकडं अजून रिकामंच होतं. मला त्याचीच घाई होती आणि त्याबाबत करण्यासारखं काही नव्हतं. एक्स्चेंजमधली पाळी बदलून घेऊन बहुतेक गुरुवारी मी जायचे आणि त्याच्याकडे पाहायचे. मग एकदा शेतकरी टोळीतला एक म्हातारा हमाल आपला डबा घेऊन दारात उभा राहिला. "भाकर माही हाये," तो म्हणाला. "नुसता रस्सा दे." मावशीनं रस्सा दिला. तो कडुनिंबाखाली जाऊन जेवला. पुढच्या गुरुवारी रस्सा नेणारे तिघं-चौघं होते. पावसाची झड लागली तेव्हा ते रस्सा घेऊन झाडाखाली जाऊ शकेनात, म्हणून छपराखाली उभ्यानं जेवले. मग कधीतरी एक जण बाकड्यावर टेकला. मावशी त्यांना वाढायची, पण मान खाली घालून. हात तसेच, मिरचीचे, सिमेंटचे. तिनं चकार शब्द काढला नाही.

शेवटी कडुनिंबाखाली एकटा मुकादम उरला. त्याची सगळी टोळी बाकड्यावर आणि तो मुळांवर बसून कोरडी भाकर मोडतोय, हे दोन-तीन आठवडे चाललं. मी होते त्या गुरुवारी तो उठला. डबा तिथेच ठेवून आला. दारातून आत येताना मध्येच थांबला, मला वाटलं परत फिरतो. फिरला नाही. त्याच्या जुन्या जागेवर, बाकड्याच्या टोकाला बसला. सगळ्यांचं खाणं थांबलं.

"वाढ वं मावशी," तो खाली पाहत म्हणाला.

मावशी चुलीशी पाठमोरी होती. तिनं भाकर थापायची थांबवली. नवऱ्याच्या हातातली सुरी कांद्यात तशीच राहिली. मी बाकड्याची कड धरून बसले होते. मावशी वळली. तिनं आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग मांडीवर ठेवलेल्या त्याच्या हातांकडे. हात सिमेंटनं पांढरे झाले होते.

"हात धुऊन ये गा आधी," ती म्हणाली.

ट्रकच्या इंजिनावर मात करणाऱ्या त्याच आवाजात. मुकादम उठला आणि पिंपाकडे गेला. त्याच्या मागोमाग त्याच्या टोळीतले बाकीचेही एकेक करून उठले, आणि पिंपाशी रांग लागली.